पाठकोरी पानं

१

गुरुवारी सकाळी अकराला चौकशी समितीसमोर कपाट उघडलं, तर वही गायब. बाराला त्या वहीचा पुठ्ठा कागदशाळेच्या टाकीत सापडला. साडेबाराला माझ्या घरी फोन वाजला आणि मी भरल्या ताटावरून उठले. भरल्या ताटावरून उठवणाऱ्याचं मी आजवर कधी भलं चिंतलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

विद्यापीठाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. मला तिथे सगळे 'वाळवी' म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण माझे कान तिखट आहेत. माझ्या निरोप समारंभाला तीन माणसं आली होती, त्यातलं एक खोली चुकून.

रजिस्ट्रार साहेबांनी मला 'बसा'सुद्धा म्हटलं नाही.

"चार वाजता मी आदेशावर सही करणार आहे," ते म्हणाले. "कागदशाळा बंद. तिथल्या मुख्य बाई कामावरून कमी. त्याआधी कुणीतरी चौकशी केली, असं फायलीत दिसायला हवं."

"मग मीच का?"

"त्या मुख्य बाई तुमच्या नणंद. अकरा वर्षं तुम्ही एकमेकींशी बोलत नाही, हे अख्ख्या विद्यापीठाला माहीत आहे. तुम्ही त्यांना पाठीशी घातलं, असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही."

माणूस उद्धट होता, पण हिशेब चोख होता.

प्रकरण असं. एका संशोधक पोरीनं दोन वर्षं विद्यापीठाच्या रद्दीची प्रत्येक गोणी वजनकाट्यावर घातली होती. वजन, तारीख, आणि गोणी आणणाऱ्याची सही किंवा अंगठा, सगळं एका वहीत. इकडे विद्यापीठानं 'हिरवा परिसर' म्हणून मोठा पुरस्कार मिळवला होता. आमच्याकडचा कागदाचा कपटाही वाया जात नाही, सगळ्याचा लगदा होऊन नवा कागद बनतो, असा अहवाल लिहून. पोरीची वही सांगत होती, दहातल्या चारच गोण्या कागदशाळेत पोहोचतात. उरलेल्या सहा मैदानामागच्या खड्ड्यात जाळतात. तिनं तक्रार केली, समितीनं मूळ वही मागून घेतली आणि कपाटात ठेवली. टाइप केलेले आकडे कुणीही लिहील, अंगठे कुठून आणणार? म्हणून त्या वहीला मोल.

"सोमवारी कागदशाळेच्या बायका गोण्या न्यायला आल्या," रजिस्ट्रार म्हणाले, "आणि गोणीबरोबर वहीही उचलून नेली. निष्काळजीपणा. सरळ गोष्ट आहे."

एकतीस वर्षांत मला एकही सरळ फाइल सापडली नव्हती. मी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

२

कपाट होतं हेडक्लार्कच्या खोलीत. त्यांना सगळे किल्लीकाका म्हणतात. किल्ल्या मात्र दारामागच्या खिळ्याला टांगलेल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा.

"या, या," ते खुर्चीतून न उठता म्हणाले. "मला मेमो देऊन समाधान झालं नाही वाटतं अजून."

"फाइल तीन दिवस उशिरा परत केली होती तुम्ही."

"चौदा वर्षं झाली त्याला!"

"फाइलला झाली. मला कालच वाटतंय."

ते दात-ओठ खात समोरच्या कच्च्या वहीवर रेघोट्या मारत राहिले. वहीवर चहाच्या कपाचे गोल उमटलेले. मी विचारलं, सोमवारनंतर कपाट कुणी उघडलं? म्हणाले, कुणीच नाही. सोमवारी खोलीत कोण आलं होतं? तर तिघं. पुरस्काराचा अहवाल लिहिणारे हिरवे साहेब, पोरीच्या मार्गदर्शक मॅडम आणि ती पोरगी स्वतः, सुनावणीची वेळ विचारायला. मधे अर्धा तास काका चहाला गेले होते. खोली उघडी टाकून, अर्थात.

"आणि तुमची गोणी? ती बायकांनी कधी नेली?"

"नेली कुठे!" काका एकदम चवताळले. "पिना-पुठ्ठे राहिलेत म्हणून सोमवारी तोंडावर फेकून गेल्या. तुमच्याच नणंदेची शिकवण! ती बघा, अजून तिथेच पडलीय."

कोपऱ्यात गोणी होती. तोंड बांधलेलं, वर सोमवारची चिठ्ठी.

म्हणजे रजिस्ट्रारांची सरळ गोष्ट दारातच ठेचकाळली. ह्या खोलीतून सोमवारी कागदाचा चिटोराही बाहेर गेला नव्हता. वही कुणीतरी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पायानं बाहेर नेली होती.

३

कागदशाळेत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. पत्र्याची लांब शेड, मधे सिमेंटच्या तीन टाक्या, भिजलेल्या कागदाचा आंबूस वास. खाली बसून सहा बायका कागद निवडत होत्या. माझी नणंद टाकीपाशी उभी होती, कोपरापर्यंत ओली. मला बघून तिनं चेहरा फिरवला आणि थोरल्या कामगारीणबाईला मोठ्यानं म्हणाली, "विचार त्यांना, काय काम आहे."

"सांग तिला, चौकशीला आलेय," मी म्हटलं.

"सांग, करा म्हणावं. दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसायची सवय जुनीच आहे."

झोंबलं मला. झोंबायलाच हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याशी भांडून आमच्याकडे राहायला आली होती. तिच्या उशीखाली चार पानी पत्र सापडलं, त्याला लिहिलेलं, न पाठवलेलं. मी वाचलं. नुसतं वाचलं नाही, चार नातेवाइकांना सांगितलं. तिनं ते पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि त्याच दुपारी घर सोडलं. मी चुकले, असं मी कुणाजवळ कधी म्हटलं नाही. आता लिहितेय, तेवढंच.

मधल्या मधे बिचाऱ्या थोरलीची मान इकडून तिकडे फिरत होती. अशा टपालानं मी कागदशाळेचं काम समजून घेतलं. गोणी आली की आधी निवड. पिना, दोरे, पुठ्ठे बाजूला. पुठ्ठ्याला सरस असतो, तो टाकीत गेला तर सगळा घाणा चिकट होतो. दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद टाकीत. आणि पाठकोरा, म्हणजे एका बाजूला लिहिलेला आणि दुसरी बाजू कोरी, तो टाकीत घालायचाच नाही. मापात कापायचा, कोरी बाजू वर ठेवून शिवायचा, कच्च्या वह्या करायच्या.

"आणि त्या वह्या कुणाला देता?"

"सांग त्यांना," नणंद म्हणाली, "ज्या खोलीची गोणी, त्याच खोलीत वह्या परत. एकाचा कागद दुसऱ्याकडे जात नाही. आणि लिहिलेली बाजू आम्ही वाचत नाही. इथे तो नियम आहे. काही घरांत नसतो."

मी गिळलं आणि टाकीतून काढलेला पुठ्ठा मागितला. थोरलीनं तो आणून दिला. जाड, कापडी पाठीचा, वर निळ्या शाईत पोरीच्या हातची अक्षरं. कडा जराशा फुगलेल्या, मधे अजून खणखणीत. मी बोटानं वाजवून पाहिला.

"टाकीत पुठ्ठा किती वेळ टिकतो?"

ह्या वेळी नणंद थोरलीकडे बघायला विसरली. "एका रात्रीत त्याचे पदर सुटतात," ती म्हणाली. "तीन दिवसांत हातात घेता येत नाही." मग तिच्या लक्षात आलं आणि ती थोरलीवर खेकसली, "सांग ना त्यांना!"

सांगायची गरज नव्हती. पुठ्ठा सोमवारी टाकीत पडलाच नव्हता. तो आज सकाळी पडला होता. आणि आज सकाळी वही शोधायला म्हणून ह्या टाकीभोवती चौघं उभे होते: काका, हिरवे साहेब, मॅडम आणि ती पोरगी.

४

हिरवे साहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. परिसर समन्वयक झाल्यापासून ते सदरे हिरवे घालतात, फायली हिरव्या वापरतात, आणि सही हिरव्या शाईत करतात.

"वाळवी आली म्हणजे कागदाचं काही खरं नाही," ते हसत म्हणाले. तोंडावर म्हणणारा हा पहिलाच.

"तुमच्या अहवालाचंही नाही," मी म्हटलं. "सहा गोण्या जाळता आणि सगळ्याचा लगदा केला म्हणून लिहिता?"

हसू मावळलं. "अहवालातले आकडे तज्ज्ञांनी तपासलेत. त्यांची सही आहे. मला कशाला विचारता? आणि ती कागदशाळा बंद झाली तर बरंच. पाण्याची नासाडी नुसती. यंत्र आणू."

"पाहुण्यांना तर कौतुकानं दाखवता."

"दाखवावं लागतं." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. आत हिरव्या फिती बांधलेल्या पाठकोऱ्या वह्यांची चळत होती, पाहुण्यांना भेट द्यायला.

तज्ज्ञाची सही मी पाहिली. ती पोरीच्या मार्गदर्शक मॅडमचीच होती. 'सर्व आकडे मी स्वतः पडताळले आहेत.'

मॅडमची खोली बारा नंबरची. कुलूप लावून त्या तासाला गेल्या होत्या, मी दाराबाहेर ताटकळत उभी. आल्या, पर्समधून किल्ली काढली, दार उघडलं आणि पायानं सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा सरकवून दाराला अडकवला. मी आत शिरताना त्याच गठ्ठ्याला ठेचकाळले. अंगठा असा ठणकला की विचारू नका.

"सॉरी," त्या म्हणाल्या. "कागदशाळेवाल्या आणून टाकतात काहीतरी, कालच ठेवून गेल्या. मी कागद वापरतच नाही. माझं सगळं ह्याच्यावर." त्यांनी हातातला टॅब्लेट दाखवला. टेबलाखाली त्यांची गोणी होती, नवी, रिकामी.

"अहवालावर सही तुमची," मी म्हटलं. "आणि तक्रार करणारी विद्यार्थिनीही तुमचीच."

"म्हणून तर मी तिच्या पाठीशी उभी आहे!" त्यांचा आवाज चढला. "हिरवे साहेबांनी मला फसवलं. त्यांनी आकडे दिले, मी विश्वास ठेवला. पुढच्या महिन्यात मी विभागप्रमुख होतेय, मला हे ओझं डोक्यावर नकोय. त्या निष्काळजी बायकांमुळे माझ्या विद्यार्थिनीची दोन वर्षं पाण्यात गेली, आणि तुम्ही माझी उलटतपासणी करता?"

बोलणं बिनतोड होतं. मी माघार घेतली.

पोरगी जिन्यात बसली होती. डोळे सुजलेले, मांडीवर प्रबंधाची टाइप केलेली प्रत. मी शेजारी बसले तशी ती सरकली.

"तुम्ही त्यांच्या बाजूच्या," ती म्हणाली.

"मी कुणाच्याच बाजूची नाही, म्हणून तर मला कुणी चहा विचारत नाही. वहीत लिहायचीस कशी?"

"शाईपेनानं. शाई पलीकडे उतरते, म्हणून फक्त उजव्या पानावर."

माझा ठणकणारा अंगठासुद्धा क्षणभर थांबला. "म्हणजे प्रत्येक पान पाठकोरं?"

"हो." तिला कळेना मी अशी का बघतेय.

मी तिच्या मांडीवरची प्रत ओढली. दुसरं प्रकरण उघडलं. प्रत्येक पानाखाली टपोरी सही: 'वाचले.' सत्तेचाळीस पानं, सत्तेचाळीस सह्या.

"मॅडमनी किती दिवसांत परत केलं हे?"

"दुसऱ्याच दिवशी. एकही दुरुस्ती नाही. 'छान' म्हणाल्या."

मी पहिली दोन पानं वाचली आणि उठले. तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आधी मला त्या गठ्ठ्यापाशी जायचं होतं.

५

पावणेचारला सगळे रजिस्ट्रारांच्या खोलीत. नणंदही आली होती, ओल्या हातांनी, दाराशी उभी. तिला कुणी खुर्ची दिली नाही. आदेश टेबलावर तयार होता, पेन उघडं.

"पाच मिनिटं," रजिस्ट्रार म्हणाले.

"पुरेत. मला एकच प्रश्न विचारायचाय. तज्ज्ञ म्हणून आधी मॅडमना." मी त्यांच्याकडे वळले. "एका बाजूला लिहिलेला कागद गोणीत टाकला, तर कागदशाळेत त्याचं काय होतं?"

"काय होणार? भिजतो. संध्याकाळपर्यंत लगदा. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

किल्लीकाकांनी आपल्या कच्च्या वहीकडे पाहिलं, मग मॅडमकडे. हिरवे साहेबांच्या भुवया वर गेल्या. पण बोलली ती पोरगी.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "दुसरं प्रकरण त्याच्यावरच आहे. पाठकोऱ्यावर."

मी प्रत उघडून मोठ्यानं वाचलं. "'एका बाजूने कोरा असलेला कागद भिजवला जात नाही. तो वेगळा काढून त्याच्या वह्या शिवल्या जातात.' खाली सही. 'वाचले.' पुढच्या पानावर, 'पुठ्ठा टाकीत घालत नाहीत.' खाली सही. 'वाचले.'"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ शाबूत होती. "घाईत वाचायचं राहिलं असेल. न वाचणं हा काही गुन्हा नाही."

"नाही. तसा असता तर अर्धं विद्यापीठ आत असतं. पण ज्यानं वही चोरली, त्याला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. पाठकोरं भिजत नाही, ही एक. पुठ्ठा टाकीत जात नाही, ही दुसरी. काकांच्या पाठकोऱ्या वहीवर रोज चहा सांडतो, आणि पुठ्ठ्या-पिनांपायी त्यांची गोणी परत आलेली. त्यांना माहीत. हिरवे साहेब तर फिती बांधून त्या वह्या वाटतात. त्यांना वही संपवायची असती तर मैदानामागचा खड्डा त्यांचा हक्काचा आहे." हिरवे साहेब खाकरले. "पोरीनं तर पुस्तकच लिहिलंय. राहिलं कोण?"

"हा अंदाज आहे," मॅडम म्हणाल्या. "पुरावा कुठे आहे?"

"तुमच्या दाराला."

मी खुर्चीखालून तो गठ्ठा काढला आणि टेबलावर, बरोबर त्या आदेशावर ठेवला. माझ्या अंगठ्याला विचारून आणला होता. मॅडमच्या डोळ्यांदेखत उचलला तेव्हा 'न्या' म्हणाल्या होत्या, शिपायाला साक्षीला घेतलं होतं. सुतळीला कागदशाळेची गाठ तशीच होती. वर चिठ्ठी: 'खोली बारा. गोणी सोमवारची.'

"तुम्ही अहवालावर न वाचता सही केलीत, आणि ही वही उजेडात आली तर विभागप्रमुखपद गेलं. म्हणून सोमवारी काका चहाला गेले तेव्हा तुम्ही ती उचललीत. पुठ्ठ्यावर पोरीचं अक्षर, गोणीत लगेच ओळखू येईल, म्हणून तो फाडून ठेवलात, आणि पानं स्वतःच्या गोणीत टाकलीत. लगदा झाला की नामानिराळ्या. आज शोधाशोध सुरू झाली, तेव्हा पुठ्ठा हळूच टाकीत सोडलात, म्हणजे बोंब ह्या बायकांवर. सोडा आता गाठ."

त्यांनी हात लावला नाही. गाठ नणंदेनं सोडली. आठ वह्या होत्या, वर कोरी पांढरी पानं. ती मागे सरली. लिहिलेली बाजू ती वाचणार नव्हती, इतकं झाल्यावरसुद्धा.

मग मीच एक वही उलटी केली. निळ्या शाईतली वजनं. तारखा. कडेला अंगठे, ओळीनं.

पोरगी टेबलावर अक्षरशः झेपावली.

"कुणीतरी माझ्या खोलीत..." मॅडम म्हणाल्या.

"खोलीला कुलूप असतं. किल्ली तुमच्या पर्समध्ये. मी दहा मिनिटं बाहेर उभी होते, मला चांगलं माहीत आहे."

मॅडमनी पोरीकडे एकदा पाहिलं आणि तुसडेपणानं म्हणाल्या, "इतकं बारीक लिहायची काय गरज होती तुला?" तीन वर्षांत त्यांनी तिच्या कामावर केलेली ही पहिलीच टिप्पणी असावी.

रजिस्ट्रारांनी गठ्ठ्याखालचा आदेश ओढून काढला. बघितला. फाडायला घेतला.

"फाडू नका," दारातून नणंद म्हणाली. "पाठकोरा आहे तो. गोणीत टाका."

६

मॅडमची चौकशी लागली. हिरवे साहेबांचीही लागली. पुरस्कार परत करावा लागला, आणि खड्ड्यावर माती पडली. आता दहाच्या दहा गोण्या कागदशाळेत येतात. बायका कामाखाली पिचल्यात आणि मला शिव्या देतात, असं ऐकते. रजिस्ट्रारांनी आभाराचं पत्र पाठवलं नाही. किल्लीकाकांनी किल्ल्या खिळ्यावरून काढल्या नाहीत.

नणंदेनं त्या दिवशी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, निदान एक शब्द बोलेल. जिन्यापर्यंत मी मुद्दाम हळू चालले. नाहीच.

पंधरा दिवसांनी भर दुपारी दाराची कडी वाजली. ती उभी होती. आत या म्हटलं तर आली नाही. हातात एक पाठकोरी वही होती, अगदी बारकी, सुबक शिवलेली. माझ्या हातात ठेवली.

"वहिनी," ती म्हणाली, "मागची बाजू वाचू नका."

अकरा वर्षांत ती माझ्याशी थेट बोललेली ती पहिली गोष्ट. मी काही म्हणायच्या आत जिना उतरून गेलीसुद्धा.

वहीवर चिठ्ठी होती. खोलीचा नंबर असतो तिथे तिनं लिहिलं होतं, 'भावाचं घर'. ज्या खोलीचा कागद, त्याच खोलीत परत, हा तिचा नियम. पानं मी मोजली. चारच होती.

वही माझ्या उशाशी आहे. एकतीस वर्षं मी कुणाचाही कागद उलटून पाहिल्याशिवाय सोडला नाही. हा उलटलेला नाही. वाळवीला हे जमलं, ह्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. तिनं ठेवलाय.